नॉर्मंडी ते निमज : नगरच्या रणगाड्यांमागची गोष्ट कोण सांगणार?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलं की बहुतेकांचे पाय आधी पॅटनकडे वळतात. पाकिस्तानकडून जिंकलेला रणगाडा, त्याच्यासमोर उभं राहून एक फोटो, मग पुढचा. तासाभरात फेरी संपते आणि फोनमध्ये तीस-चाळीस फोटो जमा होतात.

याच संग्रहालयात 'शर्मन क्रॅब' नावाचा रणगाडा आहे. या रणगाड्याच्या पुढच्या बाजूला दोन लांब लोखंडी हात असतात. त्या हातांमध्ये एक आडवा रूळ फिरतो आणि रुळाला साखळ्या लावलेल्या असतात. माहिती नसेल तर ते शेतीचं एखादं अवजार वाटावं. पण ६ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं, तेव्हा वाळूत पेरलेले सुरुंग फोडत वाट काढायचं काम याच प्रकारच्या रणगाड्यांनी केलं होतं.

तो किनारा बघायला आज जगभरातून लोक जातात. त्यांना गाईड मिळतात, तिथे संग्रहालयं आहेत, दिवसभराच्या सहली आहेत. त्या लढाईतलं यंत्र मात्र पुण्यापासून तीन तासांवर नगरमध्ये उभं आहे. त्याची गोष्ट पुढे थेट संगमनेर तालुक्यातल्या एका गावापर्यंत येते. ती कशी, आणि ती सांगायला काय लागेल, ते समजून घेऊ.

रणभूमी पर्यटनाची चर्चा आत्ताच का?

१५ जानेवारी २०२५ रोजी लष्कर दिनाचं संचलन पुण्यात झालं. त्याच दिवशी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते 'भारत रणभूमी दर्शन' हा उपक्रम सुरू झाला. गलवान, डोकलाम, लोंगेवाला अशी ७७ ठिकाणं सामान्य पर्यटकांना पाहता यावीत, त्यांची माहिती आणि परवानगीची वाट एकाच ठिकाणी कळावी, असा त्यामागचा हेतू.

ही ठिकाणं प्रामुख्यानं सीमेवरच्या राज्यांत आहेत. ते साहजिक आहे, कारण स्वातंत्र्यानंतरची युद्धं तिथेच झाली. पण त्यामुळे एक प्रश्न उरतो. ज्या महाराष्ट्रातून पिढ्यानपिढ्या माणसं सैन्यात गेली, तिथल्या माणसानं युद्धाचा इतिहास बघायला दर वेळी दोन हजार किलोमीटर जायचं का?

नगरमध्ये नेमकं आहे काय?

लष्कराच्या 'आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल' या संस्थेचं केंद्र नगरमध्ये आहे. रणगाडा दलाचे अधिकारी आणि जवान इथे घडतात. याच संस्थेनं फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. इथे सुमारे ५० रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. सर्वांत जुनी गाडी रोल्स रॉईसची 'सिल्व्हर घोस्ट'. राजे-महाराजांच्या मोटारींसाठी गाजलेल्या कंपनीची ही चिलखत चढवलेली गाडी.

त्यापुढे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाईन आणि चर्चिल, जपानी 'हा-गो' आणि 'ची-हा', पाकिस्तानकडून जिंकलेले अमेरिकी पॅटन आणि शॅफी, भारतात बनलेला विजयंता असा क्रम लागतो. एका आवारात इतक्या देशांचे रणगाडे पाहायला मिळणं आशियात दुर्मीळ आहे.

पण रणगाडा ही मुकी वस्तू आहे. वजन, तोफेचा व्यास, इंजिनाची ताकद हे सगळं फलकावर लिहिता येतं. तो कुठल्या किनाऱ्यावर रुतला, आत बसलेल्यांचं काय झालं, त्याच्या मागून कोण चालत होतं, हे सांगायला माणूस लागतो.

नॉर्मंडीत गाईड काय करतात?

नॉर्मंडीत दोस्त सैन्य एकूण पाच किनाऱ्यांवर उतरलं. त्यांची सांकेतिक नावं युटा, ओमाहा, गोल्ड, जुनो आणि स्वोर्ड. पहिल्याच दिवशी सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक उतरले. आज तिथे गेलं तर वाळू, गवत आणि समुद्र दिसतो. आरोमाँश गावासमोर तात्पुरत्या बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून पाण्यात आहेत. त्याच गावात १९५४ मध्ये सैन्य उतरण्याच्या त्या घटनेला वाहिलेलं संग्रहालय सुरू झालं आणि २०२३ मध्ये त्याची नवी इमारत उघडली.

बाकीचं काम गाईड करतो. ओमाहा किनाऱ्यावर उभं करून तो सांगतो की पाण्यावर तरंगणारे रणगाडे समुद्रात बरेच आत सोडले गेले. एका तुकडीच्या २९ पैकी २७ रणगाड्यांना जलसमाधी मिळाली. मागून आलेल्या पायदळाला जो आधार मिळायला हवा होता, तो समुद्राच्या तळाशी गेला होता.

तिथून तो पॉइंट द्यू ऑकच्या कड्यावर नेतो. वरच्या जर्मन तोफा बंद करायला सव्वादोनशे अमेरिकी सैनिक दोर लावून हा कडा चढले. वर पोहोचल्यावर तोफांच्या जागा रिकाम्या निघाल्या. तोफा आधीच आत हलवल्या होत्या आणि त्या शोधून निकामी कराव्या लागल्या. नुसता कडा बघून यातलं काहीही कळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोलव्हिल इथल्या अमेरिकी दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत. थोड्याच अंतरावर ला कांब इथे २१ हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. सहलीत या दोन्ही ठिकाणी जाता येतं. शत्रूचीही माणसंच मेली, हे तिथे लपवलं जात नाही.

क्रॅब आणि चर्चिलची गोष्ट काय?

नॉर्मंडीच्या दोन वर्षं आधी, १९ ऑगस्ट १९४२ रोजी, दोस्तांनी फ्रान्सच्याच दिएप बंदरावर छापा घातला होता. सुमारे सहा हजार सैनिक होते, त्यात पाच हजारांच्या आसपास कॅनडाचे. सोबत नवे कोरे चर्चिल रणगाडे.

दिएपच्या किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे आहेत. काही रणगाड्यांचे पट्टे त्या गोट्यांत फिरत राहिले, काहींचे तुटले. जे पुढे सरकले त्यांना शहरात शिरायची वाट अडथळ्यांनी बंद केलेली होती. अडथळे उडवायचे ते सुरुंगतज्ज्ञ उघड्यावर गोळ्यांना बळी पडत होते. काही तासांत छापा फसला. ९०० हून अधिक कॅनडियन सैनिक मारले गेले आणि दोन हजारांच्या आसपास पकडले गेले.

या अपयशातून एक धडा घेतला गेला. सुरुंग काढणं, खड्डे बुजवणं, भिंती फोडणं ही कामं माणसाला उघड्यावर करायला लावायची नाहीत, ती चिलखताच्या आडून करायची. ही जबाबदारी मेजर जनरल पर्सी होबार्ट यांच्याकडे आली. जन्म १८८५ चा, आपल्या नैनितालचा. वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून त्यांना १९४० मध्ये निवृत्त केलं होतं आणि हा माणूस गावच्या होमगार्डमध्ये साधा कॉर्पोरल म्हणून काम करत होता. चर्चिल यांनी त्यांना परत बोलावलं.

होबार्ट यांच्या ७९ व्या चिलखती डिव्हिजननं एकाहून एक चमत्कारिक यंत्रं मैदानात आणली. चर्चिलवर बसवलेला आग ओकणारा 'क्रोकोडाईल', भिंती पाडणारा चर्चिल आणि सुरुंग झोडपणारा शर्मन क्रॅब. क्रॅबच्या रुळाला ४३ साखळ्या असत. रूळ फिरला की साखळ्या जमिनीवर आपटत आणि खाली पुरलेले सुरुंग रणगाड्याच्या पुढेच फुटत. या कामात वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी, तेही समोरून तोफा डागल्या जात असताना.

नगरमध्ये क्रॅब आणि चर्चिल एकाच आवारात आहेत. एकात अपयश आणि दुसऱ्यात त्यातून निघालेला उपाय बघता येतो.

पण यात भारतीय कुठे आहेत?

नॉर्मंडीची गोष्ट ऐकताना हा प्रश्न पडायलाच हवा. तिथल्या किनाऱ्यावर भारतीय डिव्हिजन नव्हत्या. भारतीय सैनिक त्या वेळी इटलीत आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढत होते. आणि तिथे नेणारा धागाही नगरच्या याच रणगाड्यांतून जातो.

आधी जपानी रणगाडे घेऊ. ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी सैन्य मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्याही सुमारे तासभर आधी. किनाऱ्यावर खंदकांत होते डोग्रा पलटणीचे भारतीय जवान. म्हणजे पॅसिफिकमधलं युद्ध जिथे पेटलं, त्या पहिल्या किनाऱ्याचा बचाव भारतीय करत होते.

पुढे ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीजवळ जपानी रणगाडे रस्त्यावरून थेट भारतीय ब्रिगेडमध्ये घुसले. मलायातल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याकडे त्या वेळी एकही रणगाडा नव्हता. 'हा-गो' हा अगदी हलका रणगाडा, युरोपात कोणी त्याला गंभीरपणे घेतलं नसतं. पण ज्याच्याकडे रणगाडाच नाही, त्याच्यासाठी तो पुरेसा होता. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि हजारो भारतीय सैनिक कैदेत गेले. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली.

तीन वर्षांनी चित्र उलटलं. जानेवारी १९४५ मध्ये २६ वी भारतीय डिव्हिजन अराकानच्या रामरी बेटावर उतरली आणि मे महिन्यात रंगूनजवळ. रंगूनमधून जपानी आधीच निघून गेले होते. तिथल्या तुरुंगातल्या युद्धकैद्यांनी ते छपरावर मोठ्या अक्षरांत लिहून विमानांना कळवलं होतं.

आणि निमजचा संबंध?

संगमनेर तालुक्यातलं निमज हे नामदेव जाधव यांचं गाव. १/५ मराठा लाईट इन्फंट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतली सेनियो नदी ओलांडायची होती. नदी फार रुंद नव्हती, पण दोन्ही काठांना उंच बांध, बांधांत जर्मन मशिनगन आणि पलीकडे सुरुंग पेरलेले.

जाधव आपल्या कंपनी कमांडरचे निरोप्ये होते. पलीकडे पोहोचताच मशिनगनच्या माऱ्यात कमांडर आणि आणखी एक जण जखमी झाले, बाकीचे पडले. जाधवांनी एकाला पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा जाऊन एकेक करत तीन मशिनगन चौक्या बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर त्यांनी बंदूक सोडली आणि हातबाँब वापरले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना बोलावलं. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या दिवशी सेनियोच्या बांधांवर हल्ल्याच्या मदतीला चर्चिल रणगाडे आणि चर्चिलवर बसवलेले ज्वालाफेकेही होते. दिएपच्या गोट्यांत रुतलेला तोच चर्चिल. म्हणजे नगरच्या संग्रहालयातल्या चर्चिलची गोष्ट फिरून नगर जिल्ह्यातच येऊन थांबते.

इटलीत ५० हजारांच्या आसपास भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ मृत्युमुखी पडले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. त्यातले एक रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नायक यशवंत घाडगे. जुलै १९४४ मध्ये ते मारले गेले. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं स्मारक उभारलं. परक्या देशातलं एक गाव ८० वर्षांनी आठवण ठेवतं, ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

मग त्या मूळ जागा बघायला का जाऊ नये?

ज्यांना शक्य आहे त्यांनी जावंच. अडचण अशी की भारतीय सैन्य जिथे उतरलं, त्यातल्या बऱ्याच जागा सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत. रामरी बेट म्यानमारच्या राखाईन प्रांतात आहे. तिथे यादवी सुरू आहे आणि २०२४ मध्ये बंडखोर अराकान आर्मीनं रामरी शहर ताब्यात घेतलं.

गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, नौदलाची तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरली आणि सात नौसैनिकांना वीरमरण आलं. आज ते बेट नौदलाच्या ताब्यात आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरले, ती २ पॅरा पलटण मुळात मराठा लाईट इन्फंट्रीची. तिथे जायचं तर व्हिसापासून तयारी करावी लागते.

जागा दूर किंवा बंद असेल, तेव्हा तिची गोष्ट सांगायचं काम संग्रहालयावर येतं. त्यामुळे नगरच्या संग्रहालयाचं महत्त्व 'जुने रणगाडे ठेवलेली जागा' याहून बरंच मोठं आहे.

किल्ला या गोष्टीत कसा बसतो?

रणगाडा संग्रहालयापासून काही किलोमीटरवर भुईकोट किल्ला आहे. तोही लष्कराच्याच ताब्यात. ऑगस्ट १९०३ नव्हे, त्याच्याही शंभर वर्षं आधी, ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं तो जिंकला. हाच पुढे नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा वेलिंग्टन. त्यानंतर इंग्रजांनी नगरला कैदी ठेवायची जागा केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धातले बोअर कैदी इथे आले, पहिल्या महायुद्धात जर्मन नजरकैदेत राहिले.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीचे १२ नेते या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर. ते इथे येऊन दहा दिवस होत नाहीत तोच दिएपचा छापा फसला.

नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत इथेच लिहिलं. म्हणजे ६ जूनला नॉर्मंडीवर बोटी लागत होत्या, तेव्हा नेहरू नगरच्या किल्ल्यात त्या पुस्तकाच्या कामात होते. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथलीच.

यातला पेच बघा. चर्चिल यांचं सरकार एकीकडे युरोपच्या स्वातंत्र्यासाठी लढत होतं आणि दुसरीकडे त्याच सरकारनं भारताचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांना नगरमध्ये कोंडलं होतं. त्याच वेळी नगर जिल्ह्यातला एक तरुण त्या सरकारच्या सैन्यात लढत होता. आज चर्चिलच्या नावाचा रणगाडा आणि तो किल्ला एकाच शहरात आहेत. चांगल्या गाईडनं हा पेच लपवू नये. खरं तर सहल इथेच सगळ्यात रंगते.

धोका कुठे आहे?

युद्धाचं पर्यटन चुकीच्या दिशेनं जाऊ शकतं. नॉर्मंडीतच कारांताँ इथे भव्य रंगमंचीय प्रयोगाची योजना आली, तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली. जिथे माणसं मेली तिथे करमणुकीचा बाजार नको, असं विरोधकांचं म्हणणं होतं. समर्थकांचं म्हणणं असं की साक्षीदार संपत चाललेत, नव्या पिढीला नव्या पद्धतीनं सांगावं लागेल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

आपल्याकडे धोका थोडा वेगळा. इथे रणगाड्याची गोष्ट पटकन 'आपण किती मारले' यावर येते. १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईत पॅटनचा धुव्वा उडाला, तो अभिमान रास्तच आहे. पण दिएपसारखी फसलेली मोहीम, स्लिम नदीवरची वाताहत, १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ गुरख्यांना किनाऱ्यावर उतरवताना झालेली फजिती हेही सांगितलं, तरच ऐकणाऱ्याला युद्ध म्हणजे काय ते कळतं.

करता काय येईल?

एक उदाहरण अमेरिकेतल्या गेटिसबर्गचं. तिथल्या रणभूमीवर १९१५ पासून परवानाधारक गाईडची पद्धत आहे. लेखी आणि तोंडी परीक्षा दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्यामुळे दंतकथा कमी आणि माहिती जास्त सांगितली जाते.

नगर जिल्ह्यात माजी सैनिकांची कमी नाही. मेकनाईज्ड इन्फंट्रीचं केंद्रही याच शहरात आहे. रणगाड्यात बसलेला, त्याचा पट्टा बदललेला, उन्हाळ्यात आतली भट्टी अनुभवलेला माणूस आणि इतिहासाचा चांगला विद्यार्थी अशी जोडी तयार झाली, तर मराठीतून दोन तासांची सहल उभी राहू शकते. क्रॅबजवळ नॉर्मंडी, चर्चिलजवळ दिएप आणि सेनियो, हा-गोजवळ कोटा बारू, शॅफीजवळ १९७१, आणि शेवटी किल्ला.

दोन्ही जागा लष्कराच्या असल्यानं सुरक्षेचे नियम राहणारच, आणि ते राहावेत. पण ठरावीक दिवशी, नोंदणी केलेल्या छोट्या गटांसाठी अशी सहल ठेवणं हे नियमांत बसवता येण्यासारखं आहे. शाळांच्या सहली नगरला येतातच. त्यांच्या वेळापत्रकात दोन तास वाढवण्याचा हा प्रश्न आहे.

तोवर बघणाऱ्यानं काय करावं?

संग्रहालयाला जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा, सरकारी ओळखपत्र सोबत ठेवावं, फोटोचे नियम पाळावेत. किल्ल्याच्या प्रवेशाचीही आधी चौकशी करावी.

आणि फोटो काढण्याआधी एकच रणगाडा निवडून त्याच्यापाशी दहा मिनिटं थांबावं. चर्चिल निवडला तर बरोबरच्या मुलांना एवढंच सांगावं की असेच रणगाडे इटलीतल्या एका नदीच्या काठावर होते, आणि त्या दिवशी ती नदी तीन वेळा ओलांडणारा माणूस आपल्या संगमनेरजवळच्या निमजचा होता. त्याचं नाव नामदेव जाधव.